आकडा कुणाच्या वहीत?

डॉक्टर गावात येत, मुलांची रांग लावत आणि एकेकाच्या डाव्या बरगडीखाली बोटं दाबून पाहत. सुई नाही, गोळी नाही. हाताला टणक काही लागलं तर वहीत खूण, नाही तर पुढचा मुलगा. दोन ते दहा वर्षांच्या शंभर मुलांमागे किती जणांची पाणथरी वाढली आहे, एवढंच त्यांना हवं असे. हिवतापाने प्लीहा म्हणजे पाणथरी सुजते, त्यामुळे रक्ताची काच न तपासताही गावातल्या हिवतापाचा अंदाज त्या आकड्यावरून येई. १९४० च्या दशकात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि उत्तर कानडा जिल्ह्यांत डीडीटीची फवारणी सुरू केली, तेव्हा औषध लागू पडलं की नाही याचा निवाडा बऱ्याच अंशी याच बोटांवर होता. फवारणीआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी मांडून पाहायचे, इतकी साधी ती पद्धत होती.

फवारणी लागूही पडली. १९५३ साली देशव्यापी हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रुग्ण एक लाखावर आले. त्यानंतर डासांना डीडीटीची सवय झाली, पैसा आटला आणि घरोघर जाऊन ‘कुणाला ताप आहे का’ विचारणाऱ्या कर्मचाऱ्याची फेरी ढिली पडली. घराच्या भिंतीवर त्याने भेटीची तारीख घालून सही करायची असते. सही दिसते, म्हणजे माणूस येऊन गेला असं साहेबांनी मानायचं. १९७६ साली देशात ६४ लाख रुग्ण नोंदले गेले.

प्राथमिक आरोग्यातल्या नियोजनाची आणि मूल्यमापनाची गोष्ट सहसा समित्यांच्या अहवालांतून सांगितली जाते. महाराष्ट्रात तरी ती वह्या, वजनकाटे आणि भिंतीवरच्या तारखांमधून सांगणं जास्त खरं ठरेल. आकडा कोण लिहितो, कुणाला दाखवतो आणि तो वाईट निघाला तर कुणाची झोप उडते, यावर इथल्या प्रत्येक योजनेचं भवितव्य ठरलेलं आहे.

अहवालांना अजिबात वगळता येत नाही, हेही खरंच. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालात आजच्या सगळ्या रचनेचं बीज आहे. सुरुवातीला चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पुढे ते वाढवत नेणं, असा तो आराखडा होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्या गटांमधून ही केंद्रं उभी राहू लागली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण आरोग्य त्यांच्या हाती गेलं. पुढे मापं घट्ट झाली. सपाटीवर तीस हजारांना आणि आदिवासी भागात वीस हजारांना एक केंद्र, त्याखाली पाच किंवा तीन हजारांना एक उपकेंद्र. हे नियोजन डोक्यांच्या संख्येवर चालतं. इतकी डोकी, म्हणून इतके डॉक्टर, इतक्या नर्सबाई, इतक्या गाड्या. त्या डोक्यांपैकी किती जगली, किती गेली आणि का गेली, हा प्रश्न त्यात शेवटी येतो किंवा येतच नाही.

तो प्रश्न ठाणे जिल्ह्यात पहिल्यांदा नेटाने विचारला गेला तो डहाणू तालुक्यातल्या कासा इथे. कासा आज पालघर जिल्ह्यात आहे, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. १९७० च्या दशकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शाह यांनी तिथल्या सरकारी आरोग्य केंद्राच्या हद्दीत बालपोषणाचं काम हाती घेतलं. वेगळं इस्पितळ बांधलं नाही. गावातल्याच माणसांना अर्धवेळ कामावर घेतलं, हाती वजनकाटा दिला आणि पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं नियमित घ्यायला शिकवलं.

वजन एका तक्त्यावर मांडलं जाई. हा तक्ता मुळात डेव्हिड मॉर्ली या इंग्रज डॉक्टरने पश्चिम नायजेरियातल्या खेड्यात तयार केलेला. आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर किलो आणि मध्ये वर चढत जाणारा पट्टा. मुलाचा ठिपका दर खेपेला कुठे पडतो ते पाहायचं. रेघ चढली तर ठीक. आडवी झाली तर मूल अजून खेळतं-हसतं असलं तरी धोका. आईला अक्षर येत नसलं तरी रेघ वर जाते की खाली, हे तिला कळतं. शिवाय तक्ता तिच्याच घरात राहतो.

कासा प्रकल्पाने आणखी एक शहाणपण दाखवलं. सगळ्यांना सारखं वाटत सुटण्याऐवजी ‘जोखमीची’ मुलं आधी वेगळी काढायची. जन्मतः कमी वजनाचं बाळ, वजन न वाढणारं मूल, जुळी, आई गेलेली. हात थोडे आणि पैसा तुटपुंजा असताना ते कुठे लावायचे हे ठरवण्याची ही पद्धत होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि पुढे वजनकाटा, तक्ता हे सगळं अंगणवाडीत पोचलं. काट्याबरोबर एक रोगही पोचला. वजन घेण्यापेक्षा रजिस्टर भरण्याला मान मिळाला.

कासापासून दूर, नगर जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला, जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेले. त्यांच्या नियोजनाची सुरुवात डॉक्टरी प्रश्नांनी झालीच नाही. लोकांना आधी पाणी आणि धान्य हवं होतं, मग तिथून सुरुवात. नर्सबाई खेड्यात मुक्कामाला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवायला घेतलं. त्यातल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. या बायका आपल्या गावातलं प्रत्येक गर्भारपण, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू ध्यानात ठेवत आणि आठवड्याला जामखेडला येऊन सांगत. १९७१ साली या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भकं वर्षाच्या आत जात होती. प्रकल्पाच्या नोंदीनुसार १९९३ साली तो आकडा १९ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरातले असे प्रयोग एका पुस्तकात आणले, त्यात जामखेडचं प्रकरण आहे. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अल्मा आटाच्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली. आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इथे जरा थांबायला हवं. १७६ चे १९ झाले हे प्रकल्पानेच मोजलेलं आहे, आणि त्याच वीस-बावीस वर्षांत महाराष्ट्रभरही बालमृत्यू घटले होते. मग जामखेडचं श्रेय किती? या प्रश्नाचा छडा बाहेरच्या अभ्यासकांनी लावला. प्रकल्पातली गावं आणि आसपासची, प्रकल्प नसलेली गावं घेऊन त्यांनी तुलना केली आणि २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात ती छापून आली. आईचं शिक्षण, जात, धर्म, मुलांची संख्या यांचा हिशेब वजा करूनही प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. फरक जास्त दिसला तो पहिला महिना ओलांडलेल्या बाळांत. सत्कार समारंभात सांगितला जातो त्यापेक्षा हा आकडा लहान आहे. पण शंका घेऊन तपासल्यावर उरलेला आहे, म्हणून त्याची किंमत मोठी.

सगळ्याच प्रयोगांना असं भाग्य लाभलं नाही. अलिबाग तालुक्यात मांडव्याला, मुंबईचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी १९७३ साली तीसेक गावांत असंच काम उभं केलं. गावच्या बायका क्षय आणि कुष्ठरोगाचे संशयित रुग्ण ओळखू लागल्या. काम चांगलं चाललं, हीच पंचाईत झाली. गावातल्या बाया सरकारी यंत्रणेपेक्षा जास्त जाणू लागल्या, तेव्हा स्थानिक पुढारी आणि यंत्रणा दोघांचाही विरोध सुरू झाला आणि दहा वर्षांत प्रकल्प गुंडाळावा लागला. अंतियांनी हे अपयश लपवलं नाही, लिहून ठेवलं. योजनांच्या इतिहासात अशी प्रामाणिक वही क्वचित सापडते.

आणि याच दशकात उलट्या प्रकारची मोजदादही महाराष्ट्राने पाहिली. १९७६ साली, आणीबाणीत, तीन मुलं असलेल्यांवर नसबंदीची सक्ती करणारं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. पण सक्तीला कायद्याची गरज नव्हती, ‘टार्गेट’ पुरेसं होतं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, प्रत्येकाच्या नावापुढे ‘केसेस’चा कोटा. वरून मागितलेला आकडा खालून भरून आला. त्यातल्या माणसांचं पुढे काय झालं हा रकाना फॉर्मवर नव्हता. टार्गेटची ही पद्धत कागदोपत्री मोडायला एप्रिल १९९६ उजाडावा लागला. आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत तो शब्द आजही ऐकू येतो.

मूल्यमापनाची सर्वांत काटेकोर शाळा मात्र भरली गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तिथे आले. त्यांचा पहिला गाजलेला अभ्यास बायकांच्या न बोललेल्या दुखण्यांचा होता. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले. याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. कुटुंब नियोजनाच्या रजिस्टरमध्ये या बायकांची नोंद होती ती ‘पात्र जोडपी’ म्हणून. त्यांचं दुखणं त्या रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

नंतर न्यूमोनिया. मुलाचा श्वास मिनिटाला किती, यावर न्यूमोनिया ओळखता येतो. पण निरक्षर दाईने साठपर्यंत मोजायचं कसं? बंग दांपत्याने एक श्वासमापक बनवला. लाकडी पाटीवर एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन रांगा. एक दोन महिन्यांखालच्या बाळासाठी, दुसरी मोठ्या मुलासाठी. दाईने दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. रांगेचा शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत हात लाल मण्यावर आला तर न्यूमोनिया, औषध सुरू. दहाच्या पुढे मोजता न येणाऱ्या बाईच्या हातात निदान आलं. १०२ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ने छापले.

त्यापुढचा प्रयोग नवजात बाळांचा. ३९ गावांत एकेक आरोग्यदूत, पाच-दहा इयत्ता शिकलेली गावचीच बाई. ती बाळंतपणाला हजर राहते, घरी जाऊन बाळाचं वजन करते, ताप पाहते, जंतुसंसर्ग वाटला तर इंजेक्शन देते. तुलनेसाठी दुसरी ४७ गावं. जन्म आणि मृत्यूची नोंद एकट्या माणसाच्या भरवशावर सोडलेली नव्हती. गावातला नोंदणारा वेगळा आणि सहा महिन्यांनी घरोघर फेरी करून ती ताडून पाहणारा वेगळा. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते, तुलनेच्या गावांत ५९.६. डिसेंबर १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या ४७ गावांतल्या बाळांचे जन्म-मृत्यू तितक्याच काळजीने मोजले गेले, पण घरी येणारी आरोग्यदूत त्यांच्या वाट्याला तेव्हा आली नाही, ही बोच या यशासोबत राहते. तुलनेशिवाय सिद्ध काही होत नाही, आणि तुलनेची किंमत कुणीतरी मोजतंच.

गडचिरोलीची ही पद्धत मग राज्यभर नेली गेली. १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातले बालमृत्यू स्वतः मोजले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल बाहेर आला. महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालकं दगावतात, असा त्याचा अंदाज होता. सरकारी रजिस्टरांत त्यातले बरेचसे मृत्यू नव्हतेच. गदारोळ झाला. शेवटी शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. टीकाकारालाच मोजायला बसवलं, ही गोष्ट शासनाच्या खात्यावर जमा धरायला हरकत नाही.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि ‘आशा’ ताई आल्या. बाळ जन्मल्यावर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं हे त्यांचं वेळापत्रक गडचिरोलीच्या कामातूनच आलेलं आहे. याच अभियानातून २००७ साली लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाखाली ती पहिल्या टप्प्यात पाच जिल्ह्यांत आली: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. नर्सबाई येते का, औषध बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का, हे गावानेच विचारायचं आणि लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत तक्ता भरून टांगायचा. मग जनसुनवाई. आरोग्य केंद्राच्या आवारात मांडव, समोर वैद्यकीय अधिकारी, आणि एखादी बाई उठून तारखेनिशी विचारते की त्या रात्री दवाखान्याला कुलूप का होतं. ज्याचं मूल्यमापन व्हायचं तोच आजवर आकडे भरत होता. इथे पहिल्यांदा पेन्सिल दुसऱ्या हातात गेली.

आता खेड्यांतून शहराच्या काठावर, ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथच्या बुवापाड्याकडे येऊ. वर आलेल्या यादीत कासा, जामखेड, मांडवा, गडचिरोली अशी नावं आहेत आणि सगळी ग्रामीण भागातली आहेत. बुवापाड्यासारखी वस्ती, जी खेडं राहिली नाही आणि मुंबईही झाली नाही, ती या प्रयोगांच्या नकाशावर नाही. भोर समितीची शिडी जिल्हा परिषदेच्या हद्दीत उभी राहिली. नगरपालिकेची वेस लागली की ती संपते. इथे कारखाने आले, मुंबईकडे धावणाऱ्या लोकल आल्या, चाळी आल्या. कारखान्यातल्या कामगाराला राज्य विमा योजनेचं कार्ड, त्याच्या शेजारच्या बिगारीला गल्लीतला खासगी दवाखाना. अंबरनाथची नगरपालिका १९५९ ची. १९८३ साली ती कल्याणच्या महापालिकेत गेली आणि १९९२ साली पुन्हा सुटी झाली. प्रत्येक वेळी हद्द बदलली की ‘दर हजारी’ या हिशेबातला हजारच बदलतो.

शेजारचं उल्हासनगर मोजदादीच्या बाबतीत वेगळ्या वाटेने वाढलं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला नाव मिळालं. छावणी असल्याने कोण कुठल्या बराकीत राहतो हे पहिल्यापासून कागदावर होतं. आजही तिथल्या पत्त्यात कॅम्प आणि बराक नंबर येतो. भाड्याच्या खोल्यांनी वाढलेल्या वस्त्यांना अशी यादी कधी लाभली नाही.

शहरी गरिबांसाठी केंद्राने राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान मंजूर केलं ते थेट १ मे २०१३ रोजी, ग्रामीण अभियानानंतर आठ वर्षांनी. त्याचं माप पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, दहा हजारांमागे एक नर्स. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या २,५३,४७५, कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ आणि उल्हासनगरची ५,०६,०९८ होती. म्हणजे अंबरनाथला पाच, बदलापूरला तीन-चार, उल्हासनगरला दहा. हिशेब सोपा आहे, पण तो डोक्यांचा आहे. अधिकृत यादीत नसलेल्या झोपडवस्त्यांचीही पाहणी करावी, केंद्रं कामावरून परतणाऱ्यांसाठी संध्याकाळीही उघडी असावीत, असं अभियानाच्या आराखड्यात लिहिलेलं आहे. सकाळच्या लोकलने घरची माणसं गेली की आशाताईला कुलूपच भेटतं, हे तो आराखडा करणाऱ्यांना ठाऊक होतं म्हणायचं.

खरी अडचण मोजण्यात आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो, आई राहते तिथे नाही. बुवापाड्यातली बाई उल्हासनगरच्या सरकारी रुग्णालयात बाळंत झाली तर ते बाळ उल्हासनगरच्या दप्तरात, माहेरी जाऊन जळगावला झाली तर जळगावच्या. आजारी बाळ मुंबईला नेलं आणि तिथे गेलं, तर मृत्यू मुंबईचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी राज्याचा अर्भकमृत्यू दर सांगते. १९९२-९३ साली तो ५१ होता, २०१९-२१ मध्ये २३. जिल्ह्यासाठी काही निर्देशांक मिळतात. एका वॉर्डाचं किंवा एका पाड्याचं त्यात काही सापडत नाही. म्हणून इथल्या केंद्राचं मूल्यमापन ओपीडीत किती आले, किती लशी टोचल्या, यावर होतं. जे आलेच नाहीत ते कुठल्याही रकान्यात नसतात.

जामखेडच्या निरक्षर बायकांनी केलं ते पन्नास वर्षांनी, हातात मोबाइल असताना, एका नागरी वस्तीत करणं अशक्य नाही. नगरपालिकेने एका वॉर्डापासून सुरुवात करावी: भाडेकरूंसकट घरांची यादी, त्या घरांतलं प्रत्येक गर्भारपण, मूल कुठेही जन्मलं तरी त्याची इथे नोंद, सहा महिन्यांनी दुसऱ्याच माणसाकडून फेरतपासणी, आणि निघालेला आकडा केंद्राच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लावलेला. तोवर नियोजन २०११ च्या लोकसंख्येवरच चालणार. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे.